कुलरच्या बटणावरचा लाल कागद

दादा,

या भाड्याच्या घरात विजेवर चालणाऱ्या वस्तू नऊ आहेत: चार बल्ब, दोन पंखे, फ्रिज, मोटर आणि कुलर. गेल्या महिन्यात "घरात कोण एवढी लाइट जाळून राहिलं?" म्हणून तू चिडलास, तेव्हा मी यादी केली आणि जास्त वीज खाणाऱ्या वस्तूंच्या बटणांवर लाल कागद चिकटवले. कुलरचं मी मोजलं नव्हतं. अंदाजानेच कागद लावला.

आज दुपारी घरी आले तर आई ओट्याजवळ पडलेली होती. घरात बेचाळीस अंश, कुलर बंद. शेजारच्या छायाकाकू आणि मी तिला ऑटोने दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं आहे, रात्रभर तिथेच ठेवतील. काकू म्हणाल्या, ती रोज दुपारी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसते.

शुद्धीवर आली तर मलाच म्हणते, "लाल कागद तूच लावला न बाई? मंग मी एकटीसाठी कुलर कायले लावू?"

मी डबा घेऊन परत जाते आहे. बोरगावहून आलास की जेवून ये, तुझं ताट झाकून ठेवलं आहे. येताना तिची धुतलेली साडी आण. तिला रागावू नकोस, आणि बिलाचा विषय तर काढूच नकोस.

प्रणाली

ता.क. स्वयंपाक होईपर्यंत बाकी सगळं बंद करून एक तास फक्त कुलर चालवला. मीटर ०.१८ युनिट पुढे गेला, म्हणजे जेमतेम दोन रुपये.