नागिणीच्या गोळ्या

१२ नोव्हेंबर, भुईगाव
…हात धरला तरी पपांची बोटं थांबेनात. चादरीवरून विड्याची पानं खुडतात, एकावर एक लावतात, कवळीभर जुडी झाली की बाजूला ठेवतात. चादरीवर काही नाही. मध्येच दाराकडे बघून, "इनास, बस ना. चहा घेणार?" इनासकाका, त्यांचे भाऊ, जाऊन वर्षं झाली.

शनिवारपर्यंत नीट होते. बरगडीवर नागीण उठली म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडून गोळ्या आणल्या, दिवसातून पाच वेळा. फोड सुकताहेत. माणूस मात्र…

संध्याकाळी शेजारच्या मोनिकामावशी रोझरीची माळ घेऊन आल्या, मागून आणखी बायका. नोव्हेंबर म्हणजे चर्चचा मृतांचा महिना, त्यात पपा गेलेल्या भावाशी बोलतात. सगळ्यांना एकच दिसलं. "न्यायला आलाय तो," मावशी म्हणाल्या. नेल्सन, माझा नवरा, शेवटच्या प्रार्थनेसाठी चर्चच्या फादरांना फोन लावायला उठला.

आई, माझ्या सासूबाई, दारात आडव्या उभ्या राहिल्या. "ठेव तो फोन. हा मरणारा माणूस नाही, काहीतरी चढलेला माणूस आहे."
"अगो, भावाला हाक मारतो तो," मावशी म्हणाल्या.
"तेच सांगते मी. बांधाच्या भांडणानंतर यांनी इनासला पाणी विचारलं नाही. चहा कुठला विचारतात? गोळ्यांनी झालंय काहीतरी."
कुणीतरी हसलं. आई माझ्याकडे वळल्या. "तुझ्या नवऱ्याला सांग, गाडी काढ. यांच्या नेहमीच्या किडनीच्या डॉक्टरांकडे." मग बायकांना, "तुम्ही म्हणा रोझरी. आम्ही जाऊन येतो."

१३ नोव्हें.
पपा दाखल. डॉ.नी गोळ्यांचं पाकीट बघितलं, पपांना हात पुढे धरायला लावला. पंजे झटके देत होते. गोळी नागिणीचीच, पण डोस चांगल्या किडनीच्या माणसाचा. यांच्या किडनीतून ती बाहेर पडत नाही. साठते, डोक्यात जाते. "त्वचेच्या डॉक्टरांना किडनीचं सांगितलं नव्हतं?"

नव्हतं. त्यांनी साखर विचारली, बीपी विचारलं. पपा विचारलं तेवढंच सांगतात. आणि पथ्य किती चोख. भाजी उकडून पाणी ओतलेलं, प्यायचं पाणी मापून, सुकट बंद, लग्नाच्या जेवणातही. कुरकुर कधी ऐकली नाही. इतकं नीट जगले की आपण आजारी आहोत हेच मनातून गेलं असावं.

सगळं डायलिसिस टाळायला. आता औषध काढायचं तर डायलिसिसच. नेल्सन सही करेना. "पपांनी शपथ घातलीय, आई."
"शुद्धीवर आले की मला बोलतील. बोलू देत. बोलायला माणूस तरी हवा."

मानेतून नळी घातली. आई बाहेर बाकावर, पाठ न टेकता. इतकं सरळ बसलेलं मी कुणाला पाहिलं नाही.

१४ नोव्हें.
दुसरं डायलिसिस झालं. बोटं थांबली. नेल्सनला ओळखलं, मला नाही. डॉ. म्हणाले, डोकं ठिकाणावर येईल. किडनी होती तिथे परत येईल का, कायमचं डायलिसिस लागेल का, बघू. आईंनी डबा उघडून माझ्यापुढे ठेवला.

१५, सकाळ
पपा जागे. मानेवरची पट्टी चाचपली. "हे लावायला कोणी सांगितलं?"
"मी," आई म्हणाल्या.
पपांनी तोंड भिंतीकडे केलं. हात मात्र आईंच्या हातात तसाच होता.
नऊला किडनीच्या तपासणीसाठी रक्त घेऊन गेले. रिपोर्ट यायचा आहे.