उलटी लावलेली पुस्तकं

१७ ऑक्टोबर

नाही म्हणजे नाही! असं संपादकबाईंना तोंडावर सांगायचं होतं. सांगितलं काय? "बरं."

नाताळ अंकातली ती तीन पानं माझी आहेत. एक घर सजवायचं, एक केकचं, एक सुट्टीत काय वाचावं त्याचं. एकोणीस वर्षं मी लिहितेय. आणि आज बाई चहा ढवळता ढवळता म्हणतात, "यंदा फोटो खऱ्या घरात काढू. तुमच्याच. जरा ऊब वाटली पाहिजे हो." सोबत येणार ती नवी सजावटवाली. शेवटी हळूच, "ही पानं पुढच्या वर्षी कुणाकडे द्यायची ते यंदाच्या अंकावरून ठरवू."

ठरवू म्हणे! एकोणीस वर्षं काय मी गवत उपटत होते?

बाबांना सांगितलं. म्हणाले, "येऊ दे. घर कुठे पळून जातंय?" या माणसाला राग कसा तो येतच नाही.

१९ ऑक्टोबर

सजावटवालीने घराची पार वाट लावली. सकाळी आठपासून.

खिडकीच्या चौकटीत कापूस पसरला — बर्फ म्हणे. पंखा लावला की बर्फ उडतो, म्हणून पंखा बंद. घामाच्या धारा, आणि मी लोकरीचा स्वेटर घालून हसायचं! दोन दिवस खपून केलेला माझा केक तिने बोटाने दाबून पाहिला. "रंग फारच तपकिरी आलाय ताई." आणि पिशवीतून थर्माकोलचा केक काढला. वर खरं आयसिंग, आत थर्माकोल. माझा केक कॅमेरावाल्याने आणि तिने मिळून फस्त केला. तिनेच तीन तुकडे खाल्ले!

दिवाणखान्याची ट्यूब काढली. पिवळ्या दिव्यांच्या माळा लावल्या. "आता कसं उबदार वाटतं!" वाटतं खरं, पण समोरचा माणूस ओळखू येत नाही.

मी स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले, परत येते तर कपाटातली सगळी पुस्तकं उलटी! कणा आत, पानांची कड बाहेर. चारशे पुस्तकं, एकाचंही नाव दिसत नाही. "सगळं एका रंगात येतं ना ताई, डोळ्यांना शांत वाटतं." अगं बाई, पुस्तकं आहेत ती, पडदे नव्हेत! ज्या घरातल्या माणसाने छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं वाचली, तिथे पुस्तकांना भिंतीकडे तोंड करून उभं करायचं?

मला वाटलं, आता तरी बाबा चिडतील. ते आपल्या खुर्चीत बसून म्हणाले, "राहू दे. बरी दिसतात."

बरी दिसतात!!

२० ऑक्टोबर

सजावटवाली मागे ठेवून गेलेल्या लाकडी हरणाला बाबा अडखळले. नडगी सोलली. हरीण उचलून माळ्यावर टाकलं.

२२ ऑक्टोबर

ट्यूब परत लावून घेतली. बाबा म्हणतात, अजून अंधारच वाटतो. नवी आणली. तीही मंद म्हणे. हल्ली एक वस्तू धड मिळत नाही बाजारात. दुकानदाराशी भांडून आले.

पुस्तकं सुलटी करायला घेतली तर बाबा म्हणाले, "आत्ता नको. धूळ उडते, मला शिंका येतात." मग राहिली तशीच.

२ नोव्हेंबर

तिन्ही पानांची प्रुफं आली. नेहमीप्रमाणे घरी आणली, बाबांना दिली. दरवर्षी लाल पेनाने पान रक्तबंबाळ करून देतात. एका वर्षी माझ्या केकच्या कृतीत सदतीस खुणा होत्या! वर "हे वाक्य कुणाचं? कान धरून उठाबशा" असं समासात लिहिलेलं.

या वेळी तासाभरात परत. एकही खूण नाही. खाली नेहमीची सही, 'वाचले'. सही जरा ओळीबाहेर गेलेली.

"एकही चूक नाही?" मी विचारलं.

"तुझं लिहिणं सुधारलं."

खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. बाबांनी वाचलं की मी परत बघत नाही. एकोणीस वर्षांचा शिरस्ता आहे. सही केली, पाठवून दिलं.

५ नोव्हेंबर

संपादकबाईंचं नवं खुसपट. सुट्टीत वाचायच्या यादीत एकही नवं पुस्तक नाही म्हणे. ती यादी दरवर्षी बाबाच करतात. विचारलं तर म्हणाले, "नव्यात दम नाही." मी दोन नवी पुस्तकं आणून टेबलावर ठेवली होती, महिना झाला. उघडलेलीसुद्धा नाहीत. किती हट्टीपणा करावा माणसाने! शेवटी मीच एक घुसडलं.

१ डिसेंबर

अंक आला. फोटोत आमचं घर आमचं वाटतच नाही. छान दिसतंय, हे जास्त डोक्यात गेलं.

६ डिसेंबर

सकाळी साडेसातला फोन. अनोळखी बाई. "तुम्हीच का केकवाल्या? केक समुद्रात बुडवून काढायचा असतो का हो?"

अंक उघडला. मीठ — पाव वाटी. पाव वाटी! पाव चमचा लिहिलं होतं मी. वरच्या ओळीत लोणी पाव वाटी, तेच खाली ओढलं गेलंय.

दुपारपर्यंत अकरा फोन. एकीच्या होणाऱ्या व्याह्यांनी पहिलाच घास थुंकला. एका आजोबांनी केक कुत्र्यापुढे ठेवला, तर कुत्रा उठून गेला. ते हसत होते. मी नाही हसले.

७ डिसेंबर

ऑफिसात गेले ती तडक डीटीपीवाल्याच्या टेबलाशी. पान लावणारा तो, चूक त्याची. सरळ आहे! सगळ्यांदेखत झाडला त्याला.

तो उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, मान खाली. "चुकलं ताई. घाईत वरचा शब्द खाली राहिला. पण प्रूफ तुमच्याकडे आलं होतं ना? वाचलं होतं ना कुणीतरी?"

वर तोंड करून मलाच! माझ्या बाबांकडे बोट! चाळीस वर्षांत ज्यांच्या हातून एक मात्रा सुटली नाही! मी म्हटलं, वाचून पाठवल्यावर तूच काहीतरी हलवलंस. तो प्रुफाचा कागद शोधत राहिला. सापडला नाही.

संपादकबाई शांतपणे म्हणाल्या, "लेखी द्या. त्याला काढू. नाही तर जबाबदारी तुमची, आणि पानं मग सजावटवालीकडे."

देते की लेखी!

८ डिसेंबर

पत्र लिहिलं. अडीच पानं झालं. राग नीट उतरलाय.

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "त्याला नको काढायला लावूस. माझ्याकडून सुटलं असेल."

तुमच्याकडून? बाबा, तुमचा हा मोठेपणा आता पुरे! सगळ्यांची पापं आपल्या डोक्यावर घ्यायची, आणि मी मात्र जगापुढे मिठाची बाई. ओरडलेच मी. ते उठून आत गेले, भिंतीला हात लावत. जेवले नाहीत.

१५ डिसेंबर

अबोला. पत्र अजून पर्समध्येच. संपादकबाई रजेवर, सव्वीसला येणार. तेव्हा हातात देणार आहे.

२१ डिसेंबर

बाबा केस कापायला गेले होते. शेजारचे काका घेऊन गेले. हल्ली एकटे जायचा कंटाळा करतात.

तेवढ्यात कपाट हाती घेतलं. चारशेच्या चारशे पुस्तकं सुलटी केली. नुसती सुलटी नाहीत — उंचीप्रमाणे, विषयाप्रमाणे लावली. शिंका मलाच आल्या. पण काय बरं वाटलं म्हणून सांगू! तिच्या उबदार सजावटीची शेवटची खूण गेली घरातून.

बाबा आले, कपाटावरून नजर फिरवली, खुर्चीत जाऊन बसले. शाबासकी नको, निदान "अरे वा" तरी?

२३ डिसेंबर

सजावटवाली ऑफिसच्या जिन्यात भेटली. मी मुद्दाम म्हटलं, पुस्तकं सुलटी केली हो मी, तुमची शांतता मोडली.

ती गोंधळली. "पण ताई, ती माझी कल्पना नव्हतीच. मी काकांना म्हटलं, फोटोसाठी ते नाताळच्या गोष्टींचं पुस्तक द्या ना काढून. ते कपाटाशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, सगळी उलटीच लाव, छान दिसतील. जागा मात्र एकाचीही हलवू नकोस. मला आवडलं, मी लावली. तुम्हाला सांगू नकोस म्हणाले होते."

खोटारडी! स्वतःचं खापर म्हाताऱ्या माणसावर! बाबा असं सांगतील? आणि का सांगतील? तिथेच सुनावणार होते, पण लोक जात-येत होते.

घरी येऊन विचारणार होते. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. उद्या सगळे जेवायला येणार, म्हटलं सण जाऊ दे.

२४ डिसेंबर

जेवणं झाली. चार वाजता, दरवर्षीसारखी, बाबांनी गोष्ट वाचली. तीच, नाताळच्या गोष्टींच्या पुस्तकातली, लोहार आणि बर्फात हरवलेल्या मेंढीची. धाकटा भाऊ आणि भावजय पलंगावर, मी खाली सतरंजीवर. बाबा स्वतः उठले, दुसरा कप्पा, डावीकडून तिसरं पुस्तक काढलं, चष्मा घातला, वाचलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मेंढी सापडते तिथे आवाज तसाच भरून आला. पानंसुद्धा वेळेवर उलटत होते.

मी खाली बसले होते, म्हणून मला कव्हर दिसलं. तीन दिवसांपूर्वी त्या जागी मीच लावलेलं. 'कुंडीतल्या भाज्या'.

पत्र फाडलं. सव्वीसला आधी डीटीपीवाल्याकडे जायचं.