कॅसेटवरच्या महालाचा शोध

निमगाव केतकी,
ता. ४ मार्च १९९६

तीर्थस्वरूप इंद्रजितदाजींना सिद्धूचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळे ठीक. आबांचा गुडघा दुखतो, पण दुखत नाही असं ते सांगतात, म्हणून आम्हीही तसंच धरून चालतो. रतनताईची आणि कोऱ्हाळ्याच्या सगळ्या मंडळींची खुशाली कळवावी. दिवाळीपासून आपण इकडे फिरकला नाहीत. ऊसतोड चालू असेल असं आई म्हणते, जावई रुसलेत असं आबा म्हणतात. रुसण्यासारखं काय घडलं ते कालपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

पत्रास कारण असं, की शेळगावच्या सोपान मास्तरांच्या ब्रास बँडच्या कॅसेटींवरची चित्रं कुठली, याचा शोध मी आणि म्हस्कूनं पुरा केला आहे. (बँड आपल्या ओळखीचा आहे. आपल्या लग्नात तोच होता, आणि आपली घोडी बिथरली ती क्लॅरिनेटमुळे नव्हे, हे मी आजही शपथेवर सांगतो. म्हस्कू म्हणजे माझ्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर स्टूल अडवून बसतो तो.) मास्तरांच्या कॅसेटी तीन. पहिलीवर बर्फाचा डोंगर आहे. मास्तर हिमालयात वाजवून आले, असं म्हस्कू बाजारात छातीठोकपणे सांगायचा. तो डोंगर आम्हाला इंदापुरात खताच्या दुकानातल्या जुन्या कॅलेंडरवर सापडला. दुसरीवरचा पांढरा घोडा संस्थानिकाचा असावा असा माझा कयास होता. तो निघाला फटाक्याच्या पाकिटावरचा. मास्तर कव्हर छापायला बारामतीला जातात तेव्हा खिशात सापडेल ते चित्र छापखानेवाल्याला देतात, आणि तोही ते मुकाट्याने छापतो.

तिसरीनं मात्र आम्हाला घाम फोडला. तिच्यावर एक महाल आहे, पायऱ्या आहेत, तळ्यात हंस आहे आणि पुढं फुलदाणीवर हात ठेवून एक मुलगी उभी आहे. म्हस्कूला महालाचा ध्यास लागला, तो म्हणे म्हैसूरचा. मला महालाचं काही नव्हतं. (मुलीचंही नव्हतं. शोध म्हटला की सगळंच नीट बघावं लागतं, म्हणून मी ती कॅसेट दुकानात काउंटरवर समोरच ठेवली होती.)

महाल बारामतीत एस.टी. स्टँडमागच्या फोटो स्टुडिओत निघाला. रंगवलेला पडदा, हंसाच्या चोचीला ठिगळ. म्हस्कूला तरीही खरं वाटेना. त्यानं पायरीवर चढून बघायला पाय उचलला आणि पडद्याला भोक पाडलं. फोटोवाला भडकला. त्याची समजूत घालायची म्हणून आम्ही दोघांनी त्याच पडद्यापुढं फोटो काढून घेतला, म्हस्कूनं भोक झाकलं. फोटोवाला जरा निवल्यावर मी सहज विचारल्यासारखं करून त्या मुलीचं विचारलं. तो म्हणाला, "कोऱ्हाळ्याची हाय ती. रामहरीची स्वप्नाली. तिचा चुलतभाऊ घिऊन आलता, इंद्रजित."

दाजी, म्हणजे आपणच. मी खाली बसलो, तो नेमका फुलदाणीवर.

तिथून थेट शेळगाव गाठलं. मास्तर म्हणाले, "आरं, तुझ्याच आबानं दिलाय की मला. कोऱ्हाळ्याला लग्नाची सुपारी हाय तर तितं पोचता कर म्हणलं. मी इसारलो. खिशात ऱ्हायला त्यो छापखान्यात गेला."

आबांना विचारलं, तेव्हा सगळा उलगडा झाला. दिवाळीत आपण माझ्यासाठी तो फोटो आणला होता. एकाच घरी लेक देऊन लेक आणायची म्हणजे साटंलोटं दिसतं, म्हणून आबांनी तो कुणाला न दाखवता परत धाडला. फोटो परत गेला की नकार समजायचा, ही आपली रीत. तो पोचलाच नाही, म्हणून रामहरीकाका तिकडे उत्तराची वाट बघत बसले आणि आपण रुसलात. मला आबांचा राग आला आणि मी तो बोलूनही दाखवला. त्यावर आबांनी बराच वेळ गुडघा चोळला आणि ते म्हणाले, "फोटो ग्येलाच न्हाय, तर मी न्हाय म्हणलोच न्हाय. लिव्ह जावयाला."

म्हणून लिहिलं. शोध लागला एवढंच कळवायचं होतं. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला मेहुणा,
सिद्धू

ता. क. : आम्ही काढलेला फोटो सोबत आहे. म्हस्कूला कापून काढलं आहे, खांद्यावर जो हात दिसतो तो त्याचा. हा फोटो रामहरीकाकांच्या घरी दाखवावा आणि जिला दाखवायचा तिलाही. मला ती मुलगी फार आवडली आहे, दाजी. वर काउंटरचं लिहिलं ते खरं धरू नये.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवतानाच किराणा दुकानात रतनताईचा फोन आला. उत्तराची वाट बघून कंटाळलेले काका, फोटो हाताशी नसल्यामुळे, आता दुसऱ्या स्थळांना ती कॅसेटच पाठवतात म्हणे, आणि गुरुवारी फलटणचे पाहुणे बघायला येणार आहेत. टपालावर माझा भरवसा उरलेला नाही. पत्र मीच घेऊन आलो आहे आणि आपलं वाचून होईस्तोवर बाहेर ओट्यावर बसतो. होकार असेल तर आत बोलवावं. नकार असेल तर तोंडानं काही सांगू नये, रीतीप्रमाणे फोटो परत पाठवावा, पण सोपान मास्तरांच्याच हाती.