खाली हवा असते

तळा,
१८ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सत्यवतीचा सा. नमस्कार.

इकडे मी बरी आहे. शाळेत दहावीच्या प्रात्यक्षिकांची गडबड चालू आहे. वहिनीचा गुडघा कसा आहे? पोरीला, अमिषाला म्हणावं, तेल कोमट करून लाव. मिठागरात पाणी कधी घेतलंत, तेही कळव.

प्रज्योतच्या बाराव्याला तू मला विचारलं होतंस, "आपून जलमभर मीठ पिकवलं. त्याच मिठातून इख कसा निंगला गो?" मी पाणी आणायचं निमित्त करून उठले होते. मिठातून विष कसं निघतं, ते आज सांगते.

मिठात क्लोरीन असतो. त्याच्या प्रत्येक अणूच्या गाभ्यात सतरा प्रोटॉन असतात. सतरा आहेत म्हणूनच तो क्लोरीन; एक जरी कमी झाला तरी तो दुसराच कुणीतरी. प्रोटॉनचा भार धन. बाहेरच्या बाजूला असतात ते इलेक्ट्रॉन, त्यांचा भार ऋण. क्लोरीनला एक इलेक्ट्रॉन जास्तीचा हवा असतो. मिठात तो त्याला सोडियमकडून मिळालेला असतो, त्यामुळे तो ऋणभारित आणि शांत असतो. आपण ताटात वाढून घेतो. प्रज्योतच्या कंपनीत मिठाच्या पाण्यातून वीज सोडतात आणि तो एक इलेक्ट्रॉन काढून घेतात. प्रोटॉन सतराच राहतात, नावही तेच. पण आता तो वायू होऊन मिळेल तिथून इलेक्ट्रॉन ओढतो. माणसाच्या छातीतूनसुद्धा.

इथून पुढचं तू स्वतः वाच, वाचून दाखवायला अमिषाला देऊ नकोस. अक्षर मोठं काढते.

प्रज्योत आठवीपासून माझ्याकडे राहिला, माझ्याच वर्गात शिकला. नववीत असताना आम्ही शाळेत आगीची कवायत घेतली होती. मी मुलांना व्हरांड्यात रांगायला लावलं. "धूर वर जातो, खाली हवा असते. जमिनीला चिकटून राहा." तो सगळ्यांच्या पुढे रांगत गेला होता. कोपरं सोलून घरी आला.

आगीच्या धुरासाठी ते खरं आहे. क्लोरीन हवेहून अडीचपट जड असतो, तो खालीच साचतो. तेव्हा उंचावर पळायचं. हे मला ठाऊक होतं, दादा. वर्गात कधी सांगितलं नाही, आणि तो कंपनीत लागला तेव्हाही सांगितलं नाही. पेढे खाल्ले.

वायू गळाला त्या दिवशी त्याच्याबरोबर कामावर असलेला पालीचा हिरामण वाचला, तो मला जानेवारीत भेटला. बोलताना दम लागत होता त्याला. म्हणाला, "बाई, वरचं गेट वीस पावलांवर होतं. मी पळत होतो, तर प्रज्योतनं माझी कॉलर धरली. म्हणाला, खाली झोप, आत्यानं शिकवलंय, खाली हवा असते. मी झोपलोसुद्धा. छाती जळायला लागली तसा उठून पळालो. त्याला हाका मारल्या. तो मलाच ओरडून सांगत होता, झोप, झोप."

मी हिरामणला म्हटलं, हे कुणाला बोलू नकोस. त्याने मान हलवली.

मग कंपनीचा कागद आला. मयत कामगार पळण्याऐवजी गटाराशेजारी पडून राहिला, त्याचा हलगर्जीपणा. तू तो कागद घडी करून खिशात घेऊन फिरतोस, असं अमिषा म्हणाली. "माझा पोर येडा होता व्हय?" असं ज्याला त्याला विचारतोस. एक महिना मी हे ऐकत गप्प राहिले.

काल मी हिरामणला घेऊन चौकशी अधिकाऱ्यांपुढे गेले. दोघांनी जबाब दिले. कंपनीने दोन वर्षांत एकदाही शिकवलं नाही, वायूचे मास्क कुलपात होते, म्हणून पोराने शाळेत शिकलेलं तेवढं केलं, असं मी लिहून दिलं. शिकवणारी मी, हेही लिहिलं. कागदातला 'हलगर्जीपणा' हा शब्द काढू, असं साहेब म्हणाले. कंपनीवर खटला होईल की नाही, ते मात्र बोलले नाहीत.

तो वेडा नव्हता, दादा. श्वास कोंडला असतानाही दुसऱ्याला वाचवत होता. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच त्याचं चुकलं.

वहिनीला तू सांग. माझ्याने होणार नाही. तू बोलावल्याशिवाय मी येणार नाही.

प्रज्योतची आत्या, आणि त्याची बाई,
सत्यवती