चौथ्या हाकेला मी

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या भावाचा (चिमी मागून डोकावून म्हणते आहे की धाकटी ती आहे, तेव्हा खोडून लिहितो: मधल्या भावाचा) नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे, तिकडचं पाणी मानवलं का, पाठ अजून धरते का, हे सगळं मनापासून विचारतो आहे. उत्तर सावकाश दिलंस तरी चालेल. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायचं असतं, म्हणून लिहितो.

दुपारचे तीन वाजले आहेत. निदान दुकानातल्या एका घड्याळात तरी वाजले आहेत. बाकीची दुरुस्तीला आलेली, ती आपापल्या मताने चालतात. बाबा जेवून मागच्या खोलीत पडलेत आणि मी त्यांच्या कामाच्या टेबलाशी बसलो आहे. या वेळेला गिऱ्हाईक येत नाही. ऊन काचेतून आत येतं, लंबकांवर बसतं आणि त्यांच्याबरोबर हलत राहतं. ते बघत बसलं की कुठलं साल चालू आहे हेसुद्धा विसरायला होतं. काल मी जवळजवळ अर्धा तास सहा वर्षांचा होतो. तू स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळांना किल्ली देत होतास, चिमी टेबलाखाली एक स्प्रिंग गिळायच्या बेतात होती, आणि मी मध्ये उभा राहून कुणीतरी मला काहीतरी सांगेल म्हणून वाट बघत होतो. ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

माझं असं मत आहे (मत आहे म्हणजे परवापासून आहे, बदलूही शकतं) की माणूस कसा होणार हे त्याच्या आधी किती जण आले त्यावर ठरतं. तू पहिला, म्हणून तुला सगळं कोरं मिळालं: कपडे, पुस्तकं, बाबांच्या अपेक्षा. चिमी शेंडेफळ, म्हणून तिला सगळं माफ. माझ्या वाट्याला तुझे सदरे आले आणि तिने फोडलेल्या बरण्यांचा आळ आला. तू हुकूम सोडायचास, ती भोकाड पसरायची आणि मी दोघांची समजूत काढत फिरायचो. त्याचा परिणाम असा की आजही मला कुणी माझं मत विचारलं की आधी दोन्ही बाजू ऐकून घ्याव्याशा वाटतात. परवा समोरच्या चष्मेवाल्याने चहा घेणार की कॉफी असं विचारलं, तर मी म्हणालो, तुमचं काय ठरतंय ते बघू. माझं 'मधू' हे नावसुद्धा 'मधला'तून उरलेला तुकडा. पोस्टमन मला मधुकरराव म्हणतो. मी त्याला दुरुस्त करत नाही, तेवढंच भारदस्त वाटतं.

आणि बाबांची हाक तर तुला ठाऊकच आहे. काम माझ्याकडे असलं तरी "थोरल्या... चिमे... बोक्या... अरे, मधू!" अशीच यायची. तुला घर सोडून दोन वर्षं झाली, बोक्याला जग सोडून चार, पण क्रम तोच. मांजरानंतर माझा नंबर. त्यामुळे चौथी हाक ऐकल्याशिवाय मी जागचा हलत नाही.

आता मुद्द्याचं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू पिकला आहे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पुढच्या गुरुवारी शस्त्रक्रिया ठरवली आहे, आणखी लांबवलं तर अवघड होईल म्हणतात. बाबा साफ नाही म्हणतात. दादा, ते आता घड्याळं कानाने दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावतात ते निव्वळ सवयीने. गेल्या आठवड्यात त्यांनी पेटीमास्तरांचं घड्याळ शिवणकामवाल्या बाईंना दिलं आणि बाईंचं ते नाजूक मास्तरांना. दोघांनी "छान झालं हो" म्हणून घेतलं, आणि संध्याकाळी मागच्या दाराने येऊन माझ्याकडून गुपचूप बदलून नेलं. माझ्याने बाबांकडे बघवेना.

समजावायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तू नुसता घसा खाकरायचास आणि घर गप्प व्हायचं, आठवतं? सोमवारी जेवताना मीही खाकरलो. चिमीने पाठीवर दोन थापा मारल्या आणि पाणी दिलं. मग टेबलावर हात आपटून बघितला. त्याने मीठ सांडलं, ते पुसायला मीच उठलो, आणि फडकं घेऊन येईपर्यंत विषय बदलला होता. चिमीने तिच्या पद्धतीने करून बघितलं, म्हणजे ती रुसली. बाबांनी तिला डब्यातली लिमलेटची गोळी दिली. ती सव्वीस वर्षांची आहे, पण घेतली.

काल याच वेळेला मी तुझा करडा कोट घालून (गारठा होता, दुसरं काही कारण नाही) खिडकीजवळच्या तुझ्या खुर्चीत बसलो होतो. डोळ्यांवर झापड येत होती. बाबा आतून आले, दारात जरा थांबले, माझ्याकडे बघितलं आणि समोरच्या स्टुलावर बसले. म्हणाले, "थोरल्या, मला भीती वाटते रे. पट्टी सोडली आणि काहीच दिसलं नाही, तर? मधूला बोलू नकोस, तो हळवा आहे."

दादा, त्या क्षणी मी तुझा आवाज काढून 'गुरुवारी मुकाट्याने चला' असं म्हणू शकलो असतो. आयुष्यात एकदाच थोरलं व्हायची संधी होती. पण तोंडातून नुसतं "हं" निघालं. मग ते बोलतच राहिले. त्यांनी उघडलेलं पहिलं घड्याळ, आईच्या मनगटावरचं ते बारीक पट्ट्याचं, आणि ती गेल्यावर ते त्यांनी एकदाही कसं बंद पडू दिलं नाही ते. मी मधूनमधून हं म्हणत होतो. किती वेळ गेला ते इतकी घड्याळं भोवती असून मला सांगता येणार नाही. शेवटी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेले. मग मला रडू आलं. हळवा आहे हे खरंच आहे.

असो. पत्र फार लांबलं. स्वतःला जप.

तुझा,
मधू

ता. क. एवढं रामायण लिहिलं ते एका ओळीसाठी. 'बाबा, शस्त्रक्रिया करून घ्या' असं ठळक अक्षरात लिहून ताबडतोब पाठव. तुझा शब्द ते मोडणार नाहीत. फोन करू नकोस. फोनवर त्यांना नको ते ऐकू येत नाही, आणि हा माणूस कानाने घड्याळं लावतो.

आणखी एक ता. क. कोट परत मिळणार नाही.

शेवटचा ता. क. ती ओळ आता लिहू नकोस. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आतून हाक आली, "मधू." मी सवयीने उरलेल्या तीन हाकांची वाट बघत बसून राहिलो, म्हणून त्यांना पुन्हा हाक मारावी लागली. तीही "मधू" अशीच. आत गेलो तर बाबा खाटेवर बसले होते. म्हणाले, "कोट थोरल्याचा होता हे खरं, पण थोरला एवढा वेळ गप्प बसला असता का? त्याने दुसऱ्या वाक्याला मला उपाय सांगितला असता." मग चष्मा काढून सदऱ्याला पुसत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "गुरुवारी तू बरोबर येशील ना?"

मी हं म्हणालो.