ठोक्यांमधली उसंत

प्रिय धाकटे,

चर्चची घंटा आता विजेवर वाजते. दुपारी घड्याळासारखे बारा ठोके, धडाधड, पाठीमागे कुत्रं लागल्यासारखे. मी फादरांना गाठून विचारलं, ही काय वेळ सांगायची घंटा आहे? तीन ठोके, मग उसंत. पुन्हा तीन, पुन्हा उसंत. त्या उसंतीत, देवदूताने मरियेला येशूच्या जन्माचा निरोप दिला, त्या प्रार्थनेची ओळ, तिचं उत्तर आणि एक ‘नमो मरिया’ म्हणायची असते. पूर्वी म्हणे फक्त संध्याकाळची घंटा होती. मठातले लोक हातातलं काम ठेवून तीनदा ‘नमो मरिया’ म्हणत. सकाळ नंतर आली, दुपार सर्वांत शेवटी. शाळेत सिस्टरांनी हे कधी सांगितलं नाही, नुसत्या पेन्सिली खाली ठेवायला लावल्या.

संध्याकाळी घरी आपण दोघीच म्हणायचो, आठवतं? मी म्हणायचं, ‘पाहा, मी प्रभूची दासी’, आणि तू उत्तर द्यायचं, ‘तुझ्या शब्दाप्रमाणे मला घडो’. तुझी जीभ पहिल्याच अक्षराला अडायची आणि मला भूक लागलेली असायची. मग तुझी ओळही मीच उरकायचे. बाबा हसायचे, आमच्याकडे ताईच देवदूत आणि ताईच मरिया.

म्हणून तर मठाच्या त्या बैठकीच्या खोलीत, मदर सुपीरियरनी तुला विचारलं, स्वतःच्या इच्छेने येतेस ना, तेव्हा तुझे ओठ नुसते हलले आणि मी म्हणाले, “हो म्हणतेय ती.” सगळे खूश झाले. तू एकोणीस वर्षांची होतीस. तू काय म्हणणार होतीस, हे मी एक्केचाळीस वर्षांत विचारलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिली, कुणाच्या मध्ये एक शब्द घातला नाही. घरचीच तेवढी सापडली.

आता तू मठाचा झगा उतरवून भाड्याच्या खोलीत राहतेस. नातेवाइकांना चघळायला विषय झाला. मामींना मी असं सुनावलं की त्या चहा अर्धा टाकून उठल्या. एवढं करून परवा दादाला फोनवर ठणकावलं, ती माझ्याकडेच येतेय. फोन ठेवला आणि जीभ चावली. तेव्हापासून चैन नाही, एकच खोली दोनदा झाडते.

देवदूतसुद्धा मरियेला निरोप सांगून तिच्या उत्तरासाठी थांबला होता. मी फोनवर थांबणार नाही, स्वतःला ओळखते. म्हणून हे पत्र. माझ्याकडे राहायला येशील का? आणि त्या दिवशी काय म्हणणार होतीस? हवा तेवढा वेळ घे.

तुझीच,
तोंड मिटून बसलेली ताई