अख्खे धने

आत्याबाई, सून मेलेल्या सासूले चिठ्ठी लिहिते, हे ऐकून तुमी हसल्या असत्या. पन नातीनं मले अक्षरं शिकवली अन् हाताले चळ लागला. गाव तेच आहे, राज्य तेवढं बदललं. आता आपन महाराष्ट्रात. ते जाऊ द्या. आज हिवाळ्याचे वाफे केले. शेणखत घातलं, मेथी-पालक टाकला, वांग्याची रोपं लावली. नात सांभाराले कोथिंबीर म्हणते. इचारते, आजी, धने चपलेनं काऊन रगडतं? मले हसूच आवरेना.

मी मलकापूरच्या दुकानदाराची बिनमायची पोर, मातीतलं काय समजते. लग्नानंतरचा पहिला हिवाळा. तुमी म्हटलं, सांभारासाठी धने चपलेखाली रगड, एकाच्या दोन दाळी कर, मंग पेर. मी चप्पल हाती घेतली अन् ठेवून देली. खायच्या दाण्याले चप्पल कशी लावू? वाटलं, सासू पारख करून राह्यली. अख्खेच पेरले, अन् रगडले म्हणून सांगतलं.

मेथी दोनदा खुडून झाली तरी सांभाराचा वाफा टकलाच. नणंदबाई म्हणे, हिनं पेरले का खाल्ले? माघारी पाठवा हिले. थट्टाच ते, पन मले धडकी भरली. त्या दिवशी तुमी बोटानं माती उकरली, अख्खा दाणा पाह्यला, अन् परत झाकून टाकला. मी आडून पाहून राह्यली होती. जेवताना मामाजीनं सांभाराचं इचारलं.

"बी जुनं होतं. मीच ठेवलं होतं," तुमी म्हणाल्या.

मामाजी केवढे बोलले. इतकी वर्सं झाली, बी राखता येत नाही म्हणे. तुमी भाकरी वाढत राह्यल्या. मंग मले विहिरीवर नेलं.

"अवं, खळ्यावर बैलाच्या पायाखालूनच निंगते ना जवारी? पाप अशीन त माह्या चपलेले लागन. पन मले खोटं नको सांगत जाऊ."

दुसरे धने तुमीच रगडले, अन् पेराले मले देले. सांभार दाट उगवला तवा साऱ्याइले सांगतलं, सुनेचा हात चांगला आहे. त्या एका बोलावर मी या घरात मुरली.

ही चिठ्ठी कोनत्या डब्यात टाकू? राहू द्या. एक सांगाचं राह्यलं. मामाजी बोलत होते तवा मी चुलीपाशीच होती. चूक माही, एवढंच म्हनाचं होतं. भेवानं गप्प राह्यली, असं तुमाले वाटलं असन. भेव होतंच. पन माय गेल्यापासून माह्यापायी कोनं बोलणं खाल्लं नव्हतं. मले बरं वाटून राह्यलं होतं, आत्याबाई. म्हणून त्याईले अजून थोडं बोलू देलं.